आजोबांचं चालतं टेबल

मुलांनो, एक कल्पना करा. डोळे मिटू नका, मिटले तर पुढचं वाचणार कोण? तर उघड्या डोळ्यांनीच कल्पना करा, की तुम्ही एका रस्त्यावर चालताय. घाम फुटलाय, पाय दुखायला लागलेत, आणि समोरची भिंत मात्र बोटभरही जवळ येत नाहीये, कारण तुम्ही जेवढं पुढे चालता तेवढाच रस्ता मागे पळतोय. दिसला रस्ता? आता त्या रस्त्यावर एक टेबल उभं करा. टेबलावर कॉम्प्युटर ठेवा. टेबलामागे एक म्हातारा ठेवा, चष्म्याला दोरी बांधलेला. तो चालता चालता मुलांना अपूर्णांक शिकवतोय.

तो म्हातारा म्हणजे मी. हसू आलं असेल तर हसून घ्या. आमच्या इमारतीतले सगळे हसून झाले आहेत, तुम्हीच राहिला होतात.

मी शाळेतून निवृत्त झालो, तरी शिकवणं काही सुटलं नाही. संध्याकाळी कॉम्प्युटरवर दहा-बारा मुलं गोळा होतात आणि मी त्यांना गणित शिकवतो. उरलेल्या वेळात मी त्याच कॉम्प्युटरवर बुद्धिबळ खेळतो आणि हरतो. ही दोन्ही कामं बसून करायची असतात. मी ती इतकी मन लावून केली, की खुर्चीच्या गादीला माझा आकार आला आणि मला खुर्चीचा. डॉक्टर म्हणाले, "गुरुजी, चाला." मी म्हणालो, "वेळ कुठाय?" हे वाक्य माझ्या मुलाने ऐकलं, आणि पुढच्याच आठवड्यात घरी एक लांबलचक खोकं आलं.

खोक्यात ट्रेडमिल होती. दांडा नाही, मूठ नाही, नुसता जमिनीलगतचा काळा पट्टा आणि सोबत एक रिमोट. मुलगा म्हणाला, "बाबा, यावर टेबल ठेवायचं आणि चालत चालत काम करायचं. सगळीकडे हल्ली असंच करतात." या 'सगळीकडे'त राहणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. भेटला तर त्याला विचारायचं आहे, की बाबा रे, तुझ्या सोसायटीच्या सेक्रेटरीने तुला परवानगी कशी दिली?

कारण खोकं वर चढायच्या आत सेक्रेटरी खाली उतरले होते.

"काय आहे हे?"

"ट्रेडमिल."

"म्हणजे यंत्र." त्यांनी हात मागे बांधले. "पहिल्या मजल्याच्या वर यंत्र बसवायला मनाई आहे. नियम आहे."

"मग कपडे धुवायचं मशीन?"

"ते घरगुती उपकरण."

"हेही घरातच राहणार आहे."

"याने घरातलं कोणतं काम होतं?"

"चालण्याचं."

"चालायला यंत्र लागतं?" सेक्रेटरींनी माझ्या पायांकडे असं पाहिलं, की ते पायही मला भाड्याने आणल्यासारखे वाटायला लागले. मी आयुष्यभर मुलांना प्रश्न विचारले. उत्तर न आलेल्या मुलाला किती वेळ उभं राहावं लागतं, ते मला त्या दिवशी जिन्यात कळलं.

शेवटी त्यांनाच दया आली. "हे बघा, फर्निचर असेल तर माझं काही म्हणणं नाही. यावर टेबल बसवा, मी याला टेबल म्हणून धरतो. पण नुसतं ठेवलेलं चालणार नाही हं. स्क्रू मारून पक्कं केलेलं पाहिजे. मी स्वतः येऊन बघणार. या आठवड्यात कधीही येईन."

आता टेबल आणायचं कुठून? माझं टेबल काचेचं, त्याला स्क्रू मारता येत नाही. जेवणाच्या टेबलाचा विषय काढला, तर आजीने नुसतं माझ्याकडे बघितलं. मी विषय परत आत ठेवून दिला. राहिलं एकच टेबल. मुंगीचं.

मुंगी ही माझी नात. घरात सापडलेली प्रत्येक उपयोगी वस्तू, म्हणजे झाकण, चिंधी, सुटलेलं बटण, ओढत ओढत ती आपल्या टेबलाखाली नेते, म्हणून तिला मुंगी म्हणतात. ते टेबल तिला अभ्यासासाठी घेतलं होतं. पण वर ती फक्त दप्तर ठेवते. राहते ती खाली. टेबलावरून चादर सोडली, की आत तिचं घर. आमची मुंगी बाहेर फार कमी बोलते. शाळेतल्या बाई म्हणतात, हजेरीच्या वेळी 'हजर' एवढं म्हणते, तेवढंच. पण चादरीच्या आत गेली, की तिचा आवाज सुरू. दुपारभर आतून गोष्टी, भांडणं, गाणी, टेलिफोन, सगळं ऐकू यायचं. बाहेर बसून कॉफी पिता पिता ते ऐकणं ही माझी दिवसातली सगळ्यात चांगली वेळ. आणि तरीही मी काय केलं, ते ऐका.

मी तिला म्हणालो, "मुंगे, तुझं टेबल आजोबांना देशील का? थोडे दिवस?"

ती विचार करून म्हणाली, "वरचं की खालचं?"

मला हसू आलं. "वरचं गं! खालचं घेऊन मी काय करू? खालचं तुझंच."

"नक्की?"

"नक्की."

मुलांनो, टेबल पट्ट्यावर बसवायचं, म्हणजे पट्टा टेबलाच्या खाली येणार, हे गणित पहिलीतल्या मुलालाही सुटेल. मी चाळीसेक वर्षं गणित शिकवलंय. मला सुटलं नाही.

सुतारदादा आले. त्यांना प्रत्येक गोष्टीवर एकच उत्तर येत होतं. "टेबल उंच करायचंय." "होऊन जाईल." "हलता कामा नये." "होऊन जाईल." "उद्याच व्हायला पाहिजे." "होऊन गेलंच समजा." त्यांनी पायांखाली लाकडी ठोकळे ठोकले, हलू नये म्हणून खालून आडव्या पट्ट्या मारल्या आणि लांब लांब स्क्रू पिळले. मग आम्ही दोघांनी मिळून ट्रेडमिल टेबलाखाली सरकवली. ती अशी चपखल बसली, की मी टाळीच वाजवली.

मागे वळून पाहतो, तर दारात मुंगी. काखेत घडी घातलेली चादर, हातात बटणांचा डबा.

"खाली मशीन आलं," ती म्हणाली.

"अगं, थोडेच दिवस."

ती वळली. डबा घेऊन गेली. तुम्हाला वाटेल, मी तिच्या मागे गेलो असेन. नाही गेलो. तेवढ्यात समोरचे इंजिनिअर आले होते आणि टेबल कसं चुकलंय ते सांगत होते.

समोरचे इंजिनिअर हे फार हुशार गृहस्थ. त्यांच्या स्वतःच्या घरातला नळ वर्षभर गळतोय, पण दुसऱ्याच्या घरात काहीही सुरू झालं, की ते पायात चपला न घालता धावतात. त्यांनी टेबलावर माझी पेन्सिल ठेवली. ती घरंगळून खाली पडली. "बघा! उतार आहे." मग पुढच्या ठोकळ्यांखाली पुठ्ठे घातले. आता पेन्सिल माझ्या अंगावर घरंगळू लागली. "ही प्रगती आहे," ते म्हणाले. मग कडेला पट्टी ठोकली, म्हणजे पेन्सिल पडणार नाही. पेन्सिल पडली नाही. पण त्या पट्टीवर माझी मनगटं घासून लाल झाली. मग मनगटांसाठी उशी आली. उशीमुळे हात उंच आले, म्हणून कॉम्प्युटर उंच करायला शब्दकोशाचे दोन खंड खाली घातले. चालू लागलो की कॉम्प्युटर शब्दकोशावर डुलायचा, म्हणून तो ओढणीने बांधला. ओढणी सुनेची होती. तिने ती ओळखली, पण सून गुणी, काही बोलली नाही. त्या दिवसापासून तिच्या कपाटाला कुलूप लागलं, एवढंच.

आजी म्हणाली, "अहो, चालायचंच होतं, तर जिना काय वाईट होता?"

"जिन्यावर शिकवता येत नाही."

"आणि इथे येतं?"

मी ऐकू न आल्यासारखं केलं. या वयात त्याचा फायदा मिळतो.

इकडे मशीन सुरू झालं आणि तिकडून खालच्या काकू वर आल्या. त्यांच्या हातात केरसुणी होती, कारण छताला ठोकून ठोकून त्या थकल्या होत्या. "भाऊजी, माझा दिवा झोके घेतोय! वर काय सैन्य उतरलंय का?"

"मी चालतोय, काकू."

"मग हळू चाला ना! इतकी वर्षं हळूच चालत होतात की."

मग मशीनखाली रबरी चटई आली. ती पुरेना म्हणून सतरंजी. ती पुरेना म्हणून पाहुण्यांची गादी. गादीवर मशीन, मशीनवर मी. पट्टा आता असा मऊ झाला, की प्रत्येक पावलाला मी बुडायचो आणि वर यायचो. काकूंचा दिवा थांबला, पण माझं डोकं डुलायला लागलं. काकू खालून ओरडून म्हणाल्या, "आता छान!" कुणाला तरी छान वाटतंय, यातच मी समाधान मानलं. आणि गादीने मशीन वर आल्यामुळे टेबल पुन्हा बुटकं झालं. सुतारदादांना पुन्हा बोलावलं. "होऊन जाईल," ते म्हणाले आणि आणखी स्क्रू पिळून गेले.

या सगळ्या धामधुमीत मुंगी घरभर जागा शोधत होती. मी बघत होतो, न बघितल्यासारखं करत. एकदा ती पडद्यामागे बसलेली दिसली, पण पडद्याखालून पाय दिसत होते, आणि जो तो म्हणत होता, "दिसले गं तुझे पाय!" एकदा पलंगाखाली शिरली, पण तिथे बॅगा. एकदा धुण्याच्या मशीनमागे चादर बांधली, तर सुनेने ती धुवायलाच टाकली. मग तिने शोधणं सोडलं. पलंगाच्या कडेला डबा मांडीवर घेऊन बसू लागली. आणि तिचा आवाज बंद झाला. गोष्टी नाहीत, टेलिफोन नाही. माझ्या मशीनची घरघर तेवढी घरात.

आजी एकदाच म्हणाली, "पोर गप्प झालीय."

"सेक्रेटरी बघून गेले, की देतो सोडून," मी म्हणालो. खरं सांगतो, मला स्वतःलाच ते वाक्य कुठून तरी विकत आणल्यासारखं वाटलं.

अखेर तो दिवस आला. संध्याकाळचा वर्ग सुरू झाला. मी पट्ट्यावर चढलो. पडद्यावर मुलांचे चेहरे चौकटीचौकटीतून दिसू लागले. मी वर-खाली होत होतो, म्हणून तीही वर-खाली मान हलवत होती.

"गुरुजी, तुम्ही बोटीत आहात का?" एकाने विचारलं.

"नाही रे बाळा. मी चालतोय."

"कुठे?"

"इथेच."

"मग पोचणार कधी?"

अवघड प्रश्न आहे, म्हणून मी तो सोडून दिला आणि अपूर्णांकांकडे वळलो. "समजा एक भाकरी," मी म्हणालो, "तिचे दोन सारखे भाग केले. वरचा भाग मी घेतला, तर खालचा भाग कुणाचा?"

"दुसऱ्याचा!"

"मग तोही मीच घेतला तर?"

"ती चोरी, गुरुजी!" सगळी मुलं एका सुरात म्हणाली.

माझं पाऊल चुकलं. नेमकी त्याच वेळी बेल वाजली आणि सेक्रेटरी आत आले. त्यांच्या मागून समोरचे इंजिनिअर, कारण दार उघडं दिसलं. त्यांच्या मागून खालच्या काकू, कारण इंजिनिअर धावताना दिसले. सेक्रेटरींनी टेबल हलवून बघितलं. हललं नाही. स्क्रू बघितले. मान डोलावली. "टेबल आहे," त्यांनी निर्णय दिला. माझा ऊर भरून आला. मग त्यांनी टेबलावरचा रिमोट उचलला. "आणि हे काय?"

"ते नका..." मी म्हणालो.

त्यांनी दाबलं. पट्टा पळायला लागला. मी टेबल धरून धावू लागलो. या वयात मी कधी धावेन, असं मलाच काय, माझ्या डॉक्टरांनाही वाटलं नव्हतं. "थांबवा!" इंजिनिअर ओरडले, "खालचं बटण!" सेक्रेटरींनी वरचं दाबलं. "ते खालचं नव्हे, त्याच्या खालचं!" काकू म्हणाल्या, "अगं बाई, माझा दिवा!" आणि खाली पळाल्या. पडद्यावरून मुलं ओरडत होती, "गुरुजी, जोरात! जोरात!" कारण त्यांना वाटलं, मी स्वतःहून धावतोय. मग एकदाचं बरोबर बटण सापडलं. पट्टा झटकन थांबला. मी थांबलो नाही. माझं पोट टेबलावर आपटलं, चष्म्याची दोरी तुटली, आणि चष्मा थेट टेबलाखाली गेला.

चष्म्याशिवाय मला मुलं दिसत नाहीत, सेक्रेटरी दिसत नाहीत, आणि उरलीसुरली अब्रू तर नाहीच नाही. मी गुडघे टेकले आणि टेबलाखाली शिरलो. चष्मा सापडला. पण मागे येताना डोकं आडव्या पट्टीला अडलं. सरळ निघता येईना, म्हणून मी कुशीवर झालो, आणि मग पाठीवर. पट्ट्यावर आडवा, बूट बाहेर. चष्मा डोळ्यांवर चढवला आणि वर बघितलं.

टेबलाची ती खालची बाजू मी कधीच बघितली नव्हती. मोठी माणसं टेबलं वरून बघतात.

तिथे आकाश होतं. निळ्या खडूचं, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. आकाशाखाली खिडकी, खिडकीत कुंडी. एका बाजूला फळी आणि फळीवर मांडलेले डबे, प्रत्येक डब्यात रंगवलेली बटणं. टेलिफोन. आई-बाबांचा आणि आजीचा फोटो, चौकटीत. माझाही होता, खुर्चीसकट. आणि अगदी कडेला, चादर जिथे उघडते तिथे, दाराची बेल. पिवळी, गोल. एक आडवी पट्टी माझ्या फोटोवरून गेली होती. आकाशाला चार भोकं पडली होती. आणि एक लांब स्क्रू बेलच्या बरोब्बर मधून आरपार गेला होता.

मी बूट घालून एका घरात आडवा पडलो होतो, आणि त्या घराची बेल मीच फोडली होती.

"गुरुजी, लागलं का?" इंजिनिअरांनी माझ्या बुटांना विचारलं.

"गुरुजी दिसत नाहीत!" कॉम्प्युटरमधून मुलं म्हणत होती. "गुरुजी, तुम्ही पोचलात का?"

"हे टेबल पास आहे," सेक्रेटरी म्हणाले. "तुम्ही बाहेर आलात, की मी तसं कळवतो."

"नको," मी आतून म्हणालो. "हे टेबल नाही. हे घर आहे. तुम्ही हे मशीन उद्याच खाली न्यायला सांगा."

"पण मी तर आत्ता पास केलं!"

"नापास करा."

ते कुणाला तरी फोन करायला बाहेर गेले. नापास करण्याचा नियम त्यांना आठवत नसावा. आजीने इंजिनिअरांना स्वयंपाकघरात बोलावलं, "जरा आमचा नळ बघता का?" आणि ते आनंदाने गेले. नळ धडधाकट होता. आजीला मी नंतर धन्यवाद दिले.

माझ्या बुटांपाशी दोन लहान पाय येऊन थांबले. मुंगी खाली वाकली आणि आत बघू लागली. मी तिच्याकडे बघू शकलो नाही. आयुष्यभर मी मुलांना 'माझ्याकडे बघून बोल' म्हणत आलो, पण त्या वेळी मी आकाशाच्या भोकांकडे बघत बोललो.

"मुंगे, खालचं तुझं होतं. मी नक्की म्हणालो होतो."

मी बोटाने आकाशाचं एक भोक झाकलं.

"मी न विचारता आत आलो. बूट घालून. तुझी बेल मोडली. चुकलं माझं."

आतापर्यंत कुणीही माझा पेपर इतका वेळ घेऊन तपासला नव्हता.

मग तिने माझे बूट काढले. एकेक करून, नाडी सोडून, जोडीने बाहेर ठेवले. उठली. भिंतीतलं मशीनचं बटण बंद केलं. डबा घेऊन आली आणि सरपटत माझ्याशेजारी आली, माझ्याकडे न बघता. डब्यातून पिवळा खडू काढला. स्क्रूपासून चार बोटं अंतर सोडून तिने एक नवी बेल काढली. गोल नीट आला नाही, म्हणून थुंकी लावून पुसला आणि पुन्हा काढला. मग ती मागे सरकत बाहेर गेली आणि चादर आणून टेबलावरून सोडली. आत अंधार झाला. बाहेरून तिच्या चपला काढल्याचा आवाज आला.

चादरीच्या फटीतून एक लहान हात आत आला. त्याने चाचपडत नवी बेल शोधली आणि दाबली.

"ट्रिंग," मुंगी बाहेरून म्हणाली, आणि मी 'ये' म्हणेपर्यंत थांबली.